ऑडॅसिटीत मुलाखतीचं संपादन: क्लिप कुठे कापायची, कशी जोडायची आणि कोणत्या क्रमाने

दोन माइकवर मुलाखत रेकॉर्ड झालेली असते. बाराव्या मिनिटाला पाहुण्यांना खोकला येतो. संपादन करणारा पाहुण्यांच्या ट्रॅकवर (त्यांच्या माइकच्या आवाजाच्या पट्टीवर) तेवढा भाग निवडतो आणि डिलीट दाबतो. खोकला जातो, पण पाहुण्यांचा पुढचा सगळा ट्रॅक पाऊण सेकंद डावीकडे सरकतो. आता प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर सुरू होतं. हे लक्षात येतं तासाभराने, आणखी चाळीस ठिकाणी कापून झाल्यावर.

बहुतेक फसलेल्या प्रकल्पांचं दुखणं हेच असतं. कापता सगळ्यांना येतं, चुकतो तो क्रम. आधी जुळवणी, मग सफाई, मग काप, मग आवाजाची पातळी आणि संगीत सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

पुढचं सगळं ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या ३.४ आणि त्यानंतरच्या ३ मालिकेतल्या आवृत्त्यांना धरून आहे. उदाहरण एकच ठेवलं आहे: एकाच खोलीत बसलेली दोन माणसं, प्रत्येकासमोर एक फोन किंवा रेकॉर्डर आणि नंतर जोडायचं थोडं संगीत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड वापरा.

टप्पा १: रेकॉर्डिंगच्या वेळीच करायची तयारी

संपादनातल्या निम्म्या अडचणी इथेच टळतात.

१. दोन्ही उपकरणांवर रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर दोन्ही माइकच्या मधोमध एक जोरदार टाळी वाजवा. मुलाखत संपल्यावर, रेकॉर्डिंग बंद करण्याआधी, दुसरी टाळी. ही शेवटची टाळी लोक हमखास विसरतात. ती का लागते ते टप्पा ३ मध्ये कळेल.

२. पहिल्या टाळीनंतर ३० सेकंद कुणीही बोलू नका, हलू नका. खोलीची ही रिकामी शांतता पुढे ठिगळं लावायला लागते. तिला खोलीचा आवाज म्हणू.

३. पंखा बंद करा. पंख्याचा घरघराट सगळ्या उच्चारांत मिसळलेला असतो आणि तो पुरता काढायला गेलं की आवाजही खराब होतो. बाहेरून आलेला रिक्षाचा एखादा हॉर्न परवडतो, पंखा परवडत नाही.

४. पातळी अशी ठेवा की मोठ्याने बोलतानाही मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. शून्याला धडकून फाटलेला आवाज कोणत्याही इफेक्टने पूर्ववत होत नाही.

५. शक्य असेल तर डब्ल्यूएव्हीमध्ये रेकॉर्ड करा. फोन एम४ए देत असेल तर ऑडॅसिटीला ती फाइल उघडायला विंडोजवर एफएफएमपेग ही वेगळी लायब्ररी बसवावी लागते.

इशारा: पाहुण्यांच्या फोनवरची फाइल व्हॉट्सॲपवर मागवायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

टप्पा २: प्रकल्प उभा करणं

आधी रिकामा प्रकल्प सेव्ह करा, मग फाइली आयात करा. प्रकल्पाची फाइल एयूपी३ या प्रकारची असते आणि सगळा आवाज तिच्या आतच राहतो, त्यामुळे ती भराभर फुगते. ३२ बिट फ्लोट, ४४,१०० हर्ट्झ, मोनो असा एक तासाचा ट्रॅक साधारण ६३५ एमबी घेतो. दोन ट्रॅक, संगीत आणि ‘अनडू’साठी जपलेला जुना माल मिळून चार-पाच जीबी सहज होतात. डिस्कवर १० जीबी मोकळी ठेवा.

प्रकल्प गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. फाइल सतत लिहिली जात असते. मधेच सिंकने तिला हात लावला तर ती बिघडू शकते. पेन ड्राइव्हवर थेट काम करणंही टाळा. काम आतल्या डिस्कवर, प्रत बाहेर.

आता दोन्ही फाइली ओढून आणा आणि ट्रॅकना नावं द्या: ‘निवेदक’, ‘पाहुणे’. दोन्ही माइक एकाच रेकॉर्डरच्या डाव्या-उजव्या वाहिनीत गेले असतील तर एकच स्टीरिओ ट्रॅक दिसेल. ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टीरिओ टू मोनो’ करा. तुमची जुळवणी आधीच झालेली आहे, टप्पा ३ सोडून द्या.

तपासणी: मेनूतले बरेच पर्याय फिके दिसत असतील तर ध्वनी ‘पॉज’वर आहे. पॉजवर असताना ऑडॅसिटी संपादन करू देत नाही. स्टॉप दाबा. नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ खाणारी ही एकच गोष्ट आहे.

टप्पा ३: दोन ट्रॅक जुळवणं

‘ट्रॅक्स’ मेनूतला सिंक-लॉक या वेळी बंद असला पाहिजे. चालू असेल तर एक क्लिप, म्हणजे ट्रॅकवरचा आवाजाचा सलग तुकडा, सरकवताना दुसरीही सोबत सरकेल आणि फरक तेवढाच राहील.

दोन्ही ट्रॅकवर पहिली टाळी शोधा. ती उंच, टोकदार सुळक्यासारखी दिसते. कंट्रोल-१ ने जवळ जा. पाहुण्यांच्या क्लिपची वरची पट्टी धरून ती सरकवा आणि टाळीची सुरुवात निवेदकाच्या टाळीखाली आणा. अर्ध्या-एक मिलिसेकंदाच्या फरकासाठी झटत बसू नका. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे टाळी अगदी मधोमध वाजली नसेल तरी तेवढा फरक पडणारच.

आता शेवटच्या टाळीकडे जा. तिथे दोन सुळके एकाखाली एक नसतील. प्रत्येक उपकरणाचं घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालतं. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी एका तासाला १८० मिलिसेकंद होतात. दोन्ही माइकमध्ये दोघांचाही आवाज थोडा शिरलेला असतोच, त्यामुळे एवढ्या फरकाने प्रत्येक वाक्यामागे प्रतिध्वनी ऐकू येतो. सुरुवात ठीक वाटते आणि शेवटाकडे विहिरीत बोलल्यासारखं वाटायला लागतं, ते यामुळे.

दुरुस्ती अशी:

१. शेवटच्या टाळीतला फरक मोजा. समजा एका तासात पाहुण्यांचा ट्रॅक १८० मिलिसेकंद उशिरा येतो.

२. दर दहा मिनिटांच्या आसपास दोघंही गप्प असलेली जागा शोधा.

३. तिथे फक्त पाहुण्यांच्या ट्रॅकवरच्या शांततेतले ३० मिलिसेकंद डिलीट करा. ट्रॅक लवकर येत असेल तर उलट: कंट्रोल-आय ने क्लिप फोडा आणि पुढची सगळी क्लिप ३० मिलिसेकंद उजवीकडे न्या.

४. शेवटच्या टाळीवर पुन्हा बघा.

ट्रॅकची लांबी ताणून-आखडूनही हे करता येतं, पण सगळ्या ट्रॅकवर प्रक्रिया होते आणि आकडा चुकला तर कुठे चुकला ते कळत नाही. शांततेत ठिकठिकाणी दुरुस्ती करणं जास्त खात्रीचं.

जुळवणी झाली की सिंक-लॉक चालू करा. ट्रॅकच्या खाणाखुणांत छोटं घड्याळ दिसेल. इथून पुढे एका ट्रॅकवर काहीही कापलं तरी गटातल्या दुसऱ्या ट्रॅकवरून तेवढाच तुकडा निघेल.

इशारा: सिंक-लॉक लेबलच्या, म्हणजे लिहिलेल्या खुणांच्या, ट्रॅकपाशी गट तोडतो. लेबलचा ट्रॅक निवेदक आणि पाहुणे यांच्या मधे आला तर ते दोन वेगळे गट होतात आणि कुलूप निरुपयोगी ठरतं. लेबलचा ट्रॅक नेहमी दोन्हींच्या खाली.

टप्पा ४: कापण्याआधीची सफाई

आवाजाची सफाई सलग ट्रॅकवर करावी. आधी कापून मग तुकड्या-तुकड्यांवर केली तर प्रत्येक जोडावर पार्श्वभूमीचा पोत बदलतो.

हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर, उतार १२ डेसिबल. टेबलावरचे धक्के आणि गडगडाट जातो, बोलण्याला धक्का लागत नाही. विजेची घूं असेल तर ती भारतात ५० हर्ट्झची असते आणि तिचे पडसाद १०० व १५० वर येतात. त्या दोन जागी नॉच फिल्टर (तेवढीच एक वारंवारता काढणारा) लावा.

मग नॉइझ रिडक्शन. तो प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळा करायचा, कारण दोन माइकचा गोंगाट सारखा नसतो. त्या ट्रॅकवरचा ३० सेकंदांचा खोलीचा आवाज निवडून प्रोफाइल घ्या, मग संपूर्ण ट्रॅक निवडून ६ ते ८ डेसिबल लावा. १२ च्या पुढे गेलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा, पत्र्यासारखा होतो. थोडा गोंगाट श्रोत्याच्या कानाला दोन मिनिटांत सवयीचा होतो, पत्र्याचा आवाज शेवटपर्यंत खुपतो.

सफाई झाल्यावर दोन्ही ट्रॅकवरचा खोलीचा आवाज कॉपी करून वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. ते ट्रॅक लेबलच्या ट्रॅकच्या खाली आणि म्यूट. ठिगळासाठी सफाई झालेलाच तुकडा हवा. मूळ, न धुतलेला तुकडा लावला तर तो ऐकणाऱ्याला कळतो.

इथे प्रकल्पाची एक बॅकअप प्रत काढा.

टप्पा ५: ऐकणं आणि खुणा करणं

पहिल्या ऐकण्यात काहीही कापायचं नाही. ध्वनी चालू ठेवा आणि जिथे काही खटकेल तिथे कंट्रोल-एम (मॅकवर कमांड आणि पूर्णविराम) दाबून दोन शब्द लिहा: ‘खोकला पा’, ‘पुनरुक्ती’, ‘नाव चुकलं’, ‘हा भाग वर न्यायचा?’ एक तासाच्या मुलाखतीला एक तास लागेल, तो द्यावाच लागतो. ऐकता ऐकता कापणारा माणूस दहाव्या मिनिटाला जे काढतो, त्याचाच संदर्भ चाळिसाव्या मिनिटाला येतो.

नंतर मोठे काप आधी, बारीक नंतर. पूर्ण प्रश्न-उत्तर गाळायचं असेल तर त्यातले ‘अं’ वेचण्यात अर्थ नाही.

टप्पा ६: काप

काढून टाकण्याच्या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत. त्यांची गल्लत हेच बहुतेक गोंधळाचं मूळ.

डिलीट, म्हणजे कंट्रोल-के: निवडलेला भाग जातो आणि पुढचं सगळं मागे येऊन फट मिटते. दोन्ही ट्रॅकमधून वेळच काढायची असेल तेव्हा हे.

स्प्लिट डिलीट, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-के: भाग जातो, फट तशीच राहते, पुढचं काही हलत नाही.

सायलेन्स, म्हणजे कंट्रोल-एल: क्लिप अखंड राहते, तेवढ्या भागात निखळ शून्य भरलं जातं.

डिलीटनंतर फट मिटावी की राहावी याची निवड काही आवृत्त्यांत प्राधान्यांमध्ये असते. काम सुरू करण्याआधी एकदा कापून, बघून, अनडू करा.

एका माणसाचा खोकला दुसरा बोलत असताना आला तर वेळ काढायची नाहीच. फक्त त्या ट्रॅकवर तेवढा भाग निवडा आणि ‘ॲम्प्लिफाय’ने उणे २० डेसिबल करा. दुसऱ्या माइकवर बोलणं चालू असल्यामुळे फरक कळत नाही. मात्र दोघंही गप्प असताना निखळ शून्य ठेवलं तर श्रोत्याला वाटतं फोन बंद पडला. तिथे खोलीच्या आवाजाचं ठिगळ लावा. ठिगळाची लांबी निवडलेल्या भागाइतकीच हवी. खालच्या पट्टीत ‘सुरुवात आणि लांबी’ दिसेल असं करून ठेवा: खोकला ०.६४० सेकंद, तर ठिगळही ०.६४० सेकंद. लांबी कमी-जास्त झाली तर पुढची वेळ सरकते.

कुठे कापायचं हे डोळ्यांनी ठरवू नका. मराठीत हे विशेष जपावं लागतं. ‘स’, ‘श’, ‘ह’ हे वर्ण वेव्हफॉर्मवर इतके बारीक दिसतात की ते शांततेतच जमा वाटतात. ‘हो’ मधला ‘ह’ कापला गेला की उरतो ‘ओ’, आणि ‘सगळं’चं ‘गळं’ होतं. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांचं उलट आहे. त्यांच्या स्फोटाआधी खरोखरच क्षणभर शांतता असते, आणि शब्दाच्या मधली ती शांतता म्हणजे दोन शब्दांमधली जागा नव्हे. वाक्याच्या शेवटचं ‘आहे’ बहुतेक जण गिळतात. त्या ‘हे’ची शेपटी आणि खोलीतली तिची घुमी मिळून आणखी पाव सेकंद चालू असते. तिला सोडून कापा.

श्वासाचं सूत्र सोपं आहे. पुढच्या वाक्याआधीचा श्वास त्या वाक्याचाच भाग असतो, त्यामुळे काप श्वासाच्या आधी घ्या. दोन तुकडे जोडताना लागोपाठ दोन श्वास आले तर एक काढा. सगळे श्वास काढले की माणूस यंत्रासारखा बोलतो.

कापण्याचा प्रत्यक्ष क्रम:

१. भाग निवडा, दोन्ही टोकांकडे जवळून बघा.
२. झेड दाबा. निवडीची टोकं जवळच्या शून्य रेषेवर जातात. लाट मधेच तुटली तर टक् असा आवाज येतो, तो यामुळे बराचसा टळतो.
३. सी दाबा. निवडलेला भाग वगळून आधीचं आणि नंतरचं सलग वाजतं. कापण्याआधीच जोड ऐकता येतो.
४. खटकलं तर टोक सरकवा आणि पुन्हा सी.
५. पटलं की कंट्रोल-के.

तिसरी पायरी फार कमी लोक वापरतात. कापून ऐकायचं, अनडू करायचं, पुन्हा कापायचं या फेऱ्यांतून ती सोडवते.

‘म्हणजे’, ‘ना’, ‘काय म्हणतात ते’ असे टेकू शब्द किती काढायचे? अर्थाला आडवे येतात तेवढेच. विचार करून बोलणाऱ्या माणसाचा एखादा ‘अं’ त्याच्या बोलण्याचा ताल असतो. आणि उत्तराचा अर्थ बदलेल असा काप, म्हणजे ‘पण’च्या पुढचं अर्धं वाक्य गाळणं, हे संपादन नव्हे. पाहुण्यांनी विश्वासाने बोललेलं असतं.

इशारा: क्लिपचं टोक धरून आत ओढलं तर आवाज लपतो, पुसला जात नाही. टोक परत बाहेर ओढलं की तो हजर. स्वतःसाठी ही सोय उत्तम आहे. पण पाहुण्यांनी एखादं नाव काढायला सांगितलं असेल आणि तुम्ही प्रकल्पाची फाइल कुणाला दिलीत, तर ते नाव तिच्यात असतं. बाहेर द्यायची ती निर्यात केलेली डब्ल्यूएव्ही, प्रकल्प नव्हे.

टप्पा ७: जोड

प्रत्येक जोड हेडफोनवर ऐका. टक् येत असेल तर डाव्या बाजूच्या शेवटच्या ५ ते १० मिलिसेकंदांना फेड आउट आणि उजव्या बाजूच्या सुरुवातीला तेवढाच फेड इन द्या. ५० मिलिसेकंदांचा फेड दिला तर शब्दाचं पहिलं अक्षर खाल्लं जातं.

टक् नाही, तरी जोड कळतो? मग कारण तीनांपैकी एक: श्वास तुटला आहे, स्वर चढता असताना कापला आहे, किंवा दोन वाक्यांमधली जागा फार कमी झाली आहे. वाक्यांमध्ये साधारण अर्धा सेकंद, विषय बदलताना एक सेकंदाच्या वर. जागा कमी पडली तर दोन्ही ट्रॅकवर खोलीचा आवाज घालून वाढवा.

एखादा तुकडा दुसरीकडे न्यायचा असेल तर दोन्ही ट्रॅकवर निवडून कट आणि पेस्ट करा. एका ट्रॅकवर दोन क्लिप एकमेकींवर चढत नाहीत. आवाज एकमेकांत मिसळायचे असतील तर नवा ट्रॅक घ्या.

टप्पा ८: पातळी, मग संगीत

दोघांचे आवाज एकमेकांच्या बरोबरीला आणा. कम्प्रेसर (मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर कमी करणारा इफेक्ट) २:१ किंवा ३:१, त्याहून जास्त नको, नाहीतर खोलीचा आवाज प्रत्येक विरामात उसळून वर येतो. दोन्ही ट्रॅक मधोमध ठेवा. एक डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात हा प्रकार एकच इअरफोन घालून ऐकणाऱ्याला अर्धी मुलाखत देतो.

संगीत आता आणायचं, आणि वापरायचा हक्क असलेलंच. तो ट्रॅक सिंक-लॉकच्या गटाबाहेर, लेबलच्या खाली ठेवा. बोलण्याखाली चालणारं संगीत आवाजापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली असावं. चढउतारासाठी एन्व्हलप साधन एफ२ वर आहे. सुरुवात आणि शेवट एवढंच संगीत असेल तर चार बिंदूंत काम होतं.

ऑटो डक वापरणार असाल तर त्याला ज्या आवाजाकडे बघून संगीत खाली आणायचं, तो एकच ट्रॅक लागतो आणि तो संगीताच्या लगेच खाली हवा. म्हणून दोन्ही बोलणाऱ्यांचे ट्रॅक निवडून ‘मिक्स अँड रेंडर टू न्यू ट्रॅक’, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-एम, करा. हा नवा ट्रॅक संगीताखाली आणा, फक्त संगीत निवडून ऑटो डक लावा आणि काम झाल्यावर तो नवा ट्रॅक काढून टाका. तो राहिला तर निर्यातीत आवाज दुप्पट होतो.

इशारा: यानंतर मुलाखतीत एकही काप घेतला तर संगीताचे चढउतार चुकीच्या जागी पडतात. तेव्हा संगीताचा ट्रॅक पुसून नव्याने घ्या, डागडुजी करू नका.

टप्पा ९: निर्यात

लेबल आणि म्यूट-सोलो तपासा. म्यूट ट्रॅक निर्यात होत नाही आणि सोलो राहिला तर फक्त तोच जातो.

आधी संपूर्ण मिश्रणाची डब्ल्यूएव्ही काढा, २४ बिट. ट्रॅक एकत्र आल्यावर पातळ्यांची बेरीज होते, म्हणून मीटर लाल झालं तर ट्रॅकचे गेन उतरवून पुन्हा काढा. ती डब्ल्यूएव्ही नव्या प्रकल्पात उघडून लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) लावा. आधीपासून दिसणारा आकडा उणे २३ असतो, तो पॉडकास्टसाठी फार खाली आहे. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६, एक डेसिबल इकडेतिकडे, आणि खरं शिखर उणे १ च्या वर नाही अशी आहे. शिखर त्यावर जात असेल तर लिमिटर लावा.

मग एमपीथ्री: संगीत असलेली स्टीरिओ फाइल १२८ केबीपीएस, निव्वळ बोलणं मोनोत ९६ ला पुरतं. पुढे दुरुस्ती निघाली तर एमपीथ्री उघडू नका, प्रकल्पात परत जा.

तयार फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा इअरफोनवर आणि निवडक भाग फोनच्या स्पीकरवर ऐका. इअरफोनवर टक् आणि तुटलेले श्वास सापडतात, स्पीकरवर संगीताखाली बुडालेले शब्द. ऐकताना हाताशी कागद ठेवा, वेळ लिहा, मधे थांबू नका.